राखण आणि राखून ठेवणे : मर्फी अहवालाचे भाषिक परीक्षण

१

डब्लिनच्या कॅथलिक महाधर्मप्रांतात बालकांवरील लैंगिक अत्याचारांच्या ज्या तक्रारी आल्या, त्यांची वासलात चर्चने व शासनाने कशी लावली याची चौकशी करण्यासाठी आयर्लंडच्या शासनाने २००६ साली एक आयोग नेमला. न्यायमूर्ती इव्हॉन मर्फी ह्या त्याच्या अध्यक्षा होत्या. आयोगाचा अहवाल २६ नोव्हेंबर २००९ रोजी प्रसिद्ध झाला व तेव्हापासून तो ‘मर्फी अहवाल’ या नावाने ओळखला जातो. १९७५ ते २००४ हा त्याचा कालखंड. आयोगाच्या कक्षेत १०२ धर्मगुरू येत होते. त्यांपैकी ४६ जणांची प्रकरणे नमुन्यादाखल निवडून ती तपशीलवार तपासण्यात आली. या ४६ जणांविरुद्ध ३२० हून अधिक बालकांच्या संदर्भात तक्रारी होत्या, आणि त्यांतील ११ जणांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला होता किंवा त्यांच्यावर तो शाबीत झाला होता.

अशा अहवालाचा विचार विधिज्ञांनी, समाजशास्त्रज्ञांनी किंवा धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनी करावा, भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाचे येथे काय काम, असा प्रश्न कोणी उपस्थित करील. त्यास उत्तर असे की, अत्याचार ही कृती असली तरी तो झाकणे ही बहुतांशी भाषेची करणी असते. पत्रे, टिपणे, वृत्तपत्रांना दिलेली निवेदने, तक्रारदाराला दिलेली उत्तरे, नियमांना दिलेली नावे ही सारी सामग्री भाषिक आहे, आणि मर्फी अहवाल हा या सामग्रीचा एक मोठा संग्रहच होय. प्रस्तुत लेखात त्यातील काही मोजक्या विधानांचे व शब्दांचे परीक्षण करावयाचे आहे, व त्यावरून बालकांच्या आणि असहाय प्रौढांच्या संरक्षणाची भाषा कशी असावी यासंबंधी काही निष्कर्ष काढावयाचे आहेत.

२

अहवालातील सर्वांत अधिक चर्चिला गेलेला भाग एका जुन्या नीतिशास्त्रीय कल्पनेसंबंधी आहे. तिला मराठीत रूढ संज्ञा नाही. मी तिला ‘राखीव अर्थ’ असे म्हणतो. वक्त्याने एखादे विधान करावे, ऐकणाऱ्याची त्यामुळे चुकीची समजूत होणार हे त्याला ठाऊक असावे, परंतु विधानाला पूर्णत्व देणारा काही अंश त्याने मनात राखून ठेवावा; तो अंश जमेस धरला तर विधान खरे ठरते, म्हणून वक्त्याला असत्यभाषणाचा दोष लागत नाही, असा हा विचार. अहवालात त्याचे एक उदाहरण दिले आहे. एक गृहस्थ एका साहाय्यक धर्मगुरूविषयी तक्रार घेऊन धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूकडे येतो. प्रमुख त्याला दुरून पाहतो. हा कटकट करणारा मनुष्य आहे असे त्याचे मत असते. म्हणून तो दुसऱ्या साहाय्यकाला दारावर पाठवितो, आणि तो साहाय्यक ‘फादर घरात नाहीत’ असे सांगतो. ‘तुमच्यासाठी’ हा शब्द त्याने मनात ठेवलेला असतो.

व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर हा एक प्रकारचा अध्याहार होय. परंतु व्याकरणातील अध्याहार आणि हा अध्याहार यांत मूलभूत भेद आहे. ‘कोठे निघालास?’ या प्रश्नाला ‘बाजारात’ एवढेच उत्तर मिळाले, तर गाळलेले शब्द ऐकणारा स्वतः भरून काढतो. अध्याहृत पद दोघांच्याही मालकीचे असते, म्हणूनच ते गाळता येते. राखीव अर्थात मात्र गाळलेला शब्द ऐकणाऱ्याला सापडू नये हाच गाळण्याचा हेतू असतो.

या कल्पनेचा इतिहास मोठा आहे. सोळाव्या शतकात मार्टिन द अस्पिल्क्वेता या स्पॅनिश धर्मशास्त्रज्ञाने तिची तपशीलवार मांडणी केली. इंग्लंडमध्ये छळ सोसणाऱ्या कॅथलिक धर्मगुरूंना आणि त्यांना आश्रय देणाऱ्या कुटुंबांना शपथेवर विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देताना तिचा आधार वाटला. फ्रान्समध्ये पास्कालने १६५६-५७ मधील आपल्या पत्रांतून तिच्यावर कठोर उपहासाचा मारा केला. पुढे १६७९ साली पोप अकरावे इनोसंट यांनी तिच्या कडक स्वरूपाचा, म्हणजे ऐकणाऱ्याला कोणत्याही मार्गाने उमगू न शकणाऱ्या पुस्तीचा, निषेध केला. सौम्य स्वरूप तेवढे चर्चेत टिकून राहिले: शब्दच असे निवडावेत की ते अक्षरशः खरे असतील, आणि चाणाक्ष श्रोत्याला त्यांतील फट दिसणे निदान तत्त्वतः शक्य असेल. येथे ध्यानात घ्यावयाचे ते असे की, या कल्पनेच्या मुळाशी दुर्बलाचे रक्षण होते. दारावर आलेल्या सत्तेपासून आत लपलेल्या माणसाला वाचविण्यासाठी तिचा उपयोग व्हावयाचा. मर्फी अहवालातील उदाहरणात आत सत्ता आहे आणि दारावर तक्रारदार आहे. तत्त्व तेच राहिले. त्याने कोणाचे रक्षण करावे, हे उलटले.

३

आता प्रत्यक्ष विधानांकडे वळू. डेझमंड कॉनेल हे १९८८ ते २००४ या काळात डब्लिनचे आर्चबिशप होते. २००१ साली ते कार्डिनल झाले. त्यापूर्वी ते डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सत्तामीमांसेचे प्राध्यापक होते. शब्दांच्या सूक्ष्म छटांशी त्यांचा परिचय व्यवसायानेच होता, असे म्हणावयास हरकत नाही.

अँड्र्यू मॅडन यांच्यावर बालपणी एका धर्मगुरूने अत्याचार केला होता. १९९३ साली त्या धर्मगुरूने त्यांना भरपाई दिली, आणि त्या भरपाईसाठी त्याला धर्मप्रांताच्या निधीतून कर्ज मिळाले होते. १९९५ साली वृत्तप्रतिनिधींनी याविषयी विचारले असता कॉनेल यांनी, धर्मप्रांताचा निधी अशा कामासाठी वापरला जात नाही, अशा आशयाचे उत्तर दिले. पुढे मॅडन यांच्याशी बोलताना त्यांनी स्पष्टीकरण केले की, आपण वर्तमानकाळ योजला होता. निधी वापरला गेला नव्हता असे आपण म्हटलेच नव्हते.

हे उदाहरण भाषाविज्ञानाच्या कोणत्याही वर्गात मांडण्याजोगे आहे. वर्तमानकाळाच्या रूपाने केवळ बोलण्याचा क्षण दाखविला जातो, ही समजूत व्याकरणाच्या प्राथमिक पुस्तकातही टिकत नाही. ‘आमच्या घरी मद्य घेतले जात नाही’ असे कोणी म्हटले, तर ‘काल रात्री घेतले होते, आज घेतलेले नाही’ असा अर्थ कोणी करीत नाही. मराठीतील रीतिवर्तमान काय किंवा इंग्रजीतील साधा वर्तमान काय, त्याने वहिवाट सांगितली जाते. आणि वहिवाटीचा निषेध केला की मागील काळाचाही निषेध ओघानेच येतो. शिवाय प्रश्न एका घडून गेलेल्या व्यवहारासंबंधी होता. भूतकाळाविषयीच्या प्रश्नाला वर्तमानकाळात उत्तर दिले, तर ते उत्तर भूतकाळालाही लागू आहे असे समजण्याचा श्रोत्याला अधिकार असतो. तेव्हा येथे क्रियापदाच्या रूपाने जे सांगितले आणि प्रत्यक्षात जे कळविले, त्यांत जाणूनबुजून अंतर ठेवले गेले.

दुसरे उदाहरण मारी कॉलिन्स यांचे. १९६० साली, वयाच्या तेराव्या वर्षी, त्या रुग्णालयात असताना तेथील धर्मगुरूने त्यांच्यावर अत्याचार केला. १९८५ साली त्यांनी हे आपल्या धर्मग्रामातील एका धर्मगुरूला सांगितले, तेव्हा दोष बहुधा त्यांचाच असावा असे उत्तर त्यांना मिळाले. १९९७ साली त्या धर्मगुरूला शिक्षा झाल्यानंतर महाधर्मप्रांताने एक निवेदन काढून आपण पोलिसांशी सहकार्य केल्याचे म्हटले. वस्तुतः धर्मप्रांताजवळची सर्व माहिती पोलिसांना मिळाली नव्हती. कॉलिन्स यांनी हरकत घेतली असता धर्मप्रांताच्या कार्यालयातून त्यांना सांगण्यात आले की, ‘पूर्ण’ सहकार्य केले असे आम्ही कोठे म्हटले होते?

या युक्तिवादाचे उत्तर पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने १९६७ सालच्या आपल्या व्याख्यानांत दिलेले आहे. संभाषण हा परस्पर-सहकार्याचा व्यवहार असून प्रसंगाला आवश्यक तेवढी माहिती वक्त्याने दिली आहे, असे गृहीत धरूनच श्रोता अर्थ लावतो, हा त्याच्या विवेचनाचा गाभा. सहकार्य अर्धवट होते ही गोष्ट त्या प्रसंगी इतकी महत्त्वाची होती की, ती न सांगणे म्हणजे ते पूर्ण होते असे सुचविणेच होय. ‘सहकार्य’ हा शब्द वापरूनच संभाषणातील सहकार्याचे तत्त्व मोडले गेले.

४

आपल्या परंपरेत हा विचार अपरिचित नाही. न्यायशास्त्रात ‘छल’ म्हणून जो वादाचा दोष सांगितला आहे, त्याच्या वाक्छल, सामान्यछल व उपचारछल अशा तीन जाती गौतमाने मानल्या. ‘नवकंबल’ या शब्दाने वक्त्याला नवी कांबळ अभिप्रेत असता प्रतिपक्षी ‘नऊ कांबळी कोठे आहेत?’ असे विचारतो, हे वाक्छलाचे प्रसिद्ध उदाहरण. परंतु छल हा श्रोत्याचा दोष आहे. दुसऱ्याच्या शब्दांत त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ तो घुसवितो. राखीव अर्थात वक्ता स्वतःच्याच शब्दांशी छल करतो, आणि तोही आगाऊ. म्हणून नैयायिकांच्या वर्गीकरणात त्याला सरळ जागा मिळत नाही.

ती जागा महाभारतातील एका प्रसंगात मिळते, आणि मराठी भाषेने त्या प्रसंगाचा वाक्प्रचार करून ठेवला आहे. ‘नरो वा कुंजरो वा’ हे शब्द आपण संदिग्ध बोलणाऱ्याविषयी वापरतो. परंतु युधिष्ठिराचा दोष संदिग्धतेचा नव्हता. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मेला होता. विधान अक्षरशः खरे होते. दोष एवढाच की, द्रोणाने त्यातून काय समजावे हे आधी ठरलेले होते, आणि उरलेला शब्द त्याच्या कानी पडू नये अशा रीतीने उच्चारला गेला. कथाकाराने त्याला निर्दोष सोडले नाही. जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकला. लोकपरंपरेचा हा न्याय तर्कशास्त्राच्या दृष्टीनेही योग्य आहे: ज्याच्या वचनावर लोक विश्वास टाकतात, त्याच्या वचनाचे माप अक्षरांनी घ्यावयाचे नसते, त्या विश्वासाने घ्यावयाचे असते.

५

विधानांइतकेच महत्त्व संज्ञांना आहे. चर्चच्या अधिकाऱ्यांची मुख्य चिंता गुप्तता राखणे, ‘स्कँडल’ टाळणे, चर्चची प्रतिष्ठा जपणे आणि तिची मालमत्ता सांभाळणे ही होती. मुलांचे हित आणि पीडितांना न्याय या गोष्टी त्यांच्यामागे पडल्या, असा आयोगाचा निष्कर्ष आहे. यांतील ‘स्कँडल’ या शब्दाचा अर्थप्रवास मोठा बोलका आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सापळा, किंवा पायात येऊन पाडणारी वस्तू. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात लहानांना अशा रीतीने पाडणाऱ्यास अत्यंत कठोर शब्दांत ताकीद दिली आहे, आणि मराठी बायबलाच्या अनुवादकांनी तेथे ‘अडखळण’ हा नेमका शब्द योजला. म्हणजे मुळात ही संज्ञा बालकाच्या बाजूची होती. अडखळून पडणारे मूल हा तिचा विषय. शतकांच्या वापरात तिला ‘लोकांत होणारा बोभाटा’ असा अर्थ आला, आणि पडणारी वस्तू मुलाऐवजी संस्थेची अब्रू ठरली. मग अडखळण दूर करणे म्हणजे तक्रार दडपणे, असा उफराटा व्यवहार सुरू झाला. मराठी अनुवादकांनी मूळ अर्थ जपला, ही समाधानाची गोष्ट होय.

नियमांच्या नावांतही हेच दिसते. १९९६ साली आयरिश बिशपांनी अशा तक्रारींना द्यावयाच्या प्रतिसादाची एक मार्गदर्शक संहिता तयार केली. तीत तक्रार पोलिसांना कळविण्याची तरतूद होती. जानेवारी १९९७ मध्ये आयर्लंडमधील पोपच्या राजदूताने बिशपांना पाठविलेल्या पत्रात तिचा उल्लेख केवळ अभ्यासासाठीचा दस्तऐवज असा केला गेला, ही गोष्ट २०११ साली प्रसिद्ध झालेल्या क्लॉयन अहवालात नोंदलेली आहे. एका विशेषणाने नियमाचा निबंध झाला.

चर्चच्या कायद्यातील वर्गीकरणही तपासण्याजोगे आहे. १९८३ च्या संहितेत बालकावरील लैंगिक अत्याचाराचा उल्लेख धर्मगुरूच्या विशेष कर्तव्यांचा भंग करणाऱ्या अपराधांत होता, आणि त्याचे वर्णन दहा आज्ञांपैकी सहावीविरुद्धचा अपराध असे होते. म्हणजे अपराध घडला तो व्रताविरुद्ध. मूल हे त्या अपराधाचे केवळ निमित्त. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी दंडविषयक भाग सुधारला, तेव्हा हे कलम मानवी जीवित, प्रतिष्ठा व स्वातंत्र्य यांविरुद्धच्या अपराधांच्या प्रकरणात हलविण्यात आले. सहाव्या आज्ञेचा शब्दप्रयोग मात्र कायम राहिला. शीर्षक बदलले आणि वाक्य राहिले, अशी ही सुधारणा आहे. तथापि शीर्षक बदलणे ही लहान गोष्ट नव्हे, कारण अपराध कोणाविरुद्ध घडला याचे उत्तर शीर्षकातच असते.

६

खुद्द मर्फी अहवालाचे मूल्यमापन करावयाचे तर त्याचा पहिला गुण असा की, तो शब्दांची शहानिशा कृतींनी करतो. या विषयाची आपल्याला पुरेशी जाण नव्हती, आपण हळूहळू शिकत गेलो, असा चर्चच्या अधिकाऱ्यांचा बचाव होता. आयोगाने त्याशेजारी एवढेच मांडले की, अशा दाव्यांपासून येणाऱ्या खर्चाचा विमा महाधर्मप्रांताने १९८७ सालीच उतरविला होता. ज्याला धोका ठाऊक नाही तो विमा उतरवीत नाही. दुसरा गुण निःपक्षपातीपणाचा. शासनालाही आयोगाने सोडले नाही. धर्मगुरू आपल्या कक्षेच्या बाहेर आहेत असे काही वरिष्ठ पोलीस अधिकारी मानीत, हे त्याने नोंदले. उलट कॉनेल यांनी नोव्हेंबर १९९५ मध्ये १७ धर्मगुरूंची नावे पोलिसांना दिली याची दखलही घेतली, आणि त्या वेळी किमान २८ जणांविरुद्ध तक्रारी होत्या हेही सांगितले.

उणिवा नाहीत असे नाही. राखीव अर्थाचे विवेचन अवघ्या काही परिच्छेदांत आटोपले आहे, आणि ते व्यक्तींच्या वर्तनापुरते राहते. अहवालात उद्धृत झालेला इतर पत्रव्यवहारही त्याच दृष्टीने वाचला असता, तर ही एका कार्डिनलची लकब नसून कार्यालयाची शैली होती काय, या प्रश्नाचा निर्णय लागला असता. दुसरे असे की, अत्याचार घडला की नाही हे ठरविणे आयोगाच्या कक्षेत नसल्यामुळे बालक सर्वत्र ‘तक्रारदार’ या रूपात येते. त्याचा स्वतःचा आवाज क्वचितच ऐकू येतो. त्याच वर्षीच्या मे महिन्यात प्रसिद्ध झालेला, निवासी संस्थांविषयीचा रायन अहवाल या बाबतीत अधिक समृद्ध आहे, कारण त्याच्या एका समितीने १,०९० स्त्रीपुरुषांची निवेदने ऐकून घेतली होती. नावानिशी ज्यांच्यावर टीका झाली, त्यांना आपली बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नाही, असा आक्षेपही आयरिश धर्मगुरूंच्या एका संघटनेने पुढे आणला. हा आक्षेप कार्यपद्धतीचा आहे, व त्याचा विचार विधिज्ञांनी करावा. वर परीक्षिलेल्या विधानांचे स्वरूप त्यामुळे बदलत नाही, कारण त्यांचा अर्थ स्वतः वक्त्यांनीच उलगडून सांगितला होता.

७

मराठीत ‘राखणे’ या एकाच धातूपासून दोन परस्परविरुद्ध व्यवहार निघतात. शेताची राखण करणारा दिवसरात्र जागा असतो. ‘राखून ठेवणारा’ जवळचे दुसऱ्याला देत नाही. राखीव अर्थासाठी युरोपीय भाषांत जी संज्ञा आहे, तिच्या पोटातही सांभाळणे या अर्थाचा लॅटिन धातूच आहे. डब्लिनमध्ये ज्यांच्यावर राखण सोपविली होती, त्यांनी माहिती राखून ठेवली. आयरिश विधिमंडळाने २०१२ साली याच गोष्टीवर बोट ठेवले: बालकांविरुद्धच्या व असहाय व्यक्तींविरुद्धच्या गंभीर अपराधांची माहिती सबळ कारणाशिवाय राखून ठेवणे हा त्या वर्षीच्या कायद्याने गुन्हा ठरला. पुढे २०१५ च्या कायद्याने ज्यांच्यावर बालकांविषयी कळविण्याचे बंधन घातले, त्यांत धर्मगुरूही आहेत; ही तरतूद डिसेंबर २०१७ पासून अंमलात आली.

आपल्याकडे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा अधिनियम याहून स्पष्ट आहे. त्याच्या १९ व्या कलमानुसार असा अपराध घडल्याची माहिती, किंवा तो घडेल अशी धास्ती, असलेल्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे; २१ व्या कलमात न कळविणाऱ्यास शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा अपराध दडविल्यास ती अधिक आहे. चर्च, मठ, आश्रमशाळा, वसतिगृह, विद्यापीठ असा भेद त्यात नाही. असहाय प्रौढांची व्याख्या मात्र अधिक नाजूक आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या २०१६ च्या कायद्यात अपंगत्व, आजार व वार्धक्य यांच्या जोडीला मनाची विकल अवस्था हेही कारण मानले आहे, आणि ही असहायता तात्पुरतीही असू शकते असे म्हटले आहे. हे महत्त्वाचे आहे. शोकाकुल होऊन धर्मगुरूकडे आलेला धडधाकट मनुष्य त्या घटकेपुरता असहाय असतो. म्हणून मराठीत ‘दुर्बल व्यक्ती’ असा शब्द रूढ करण्यास माझा विरोध आहे. त्याने प्रसंगातील धोका माणसाच्या अंगचा गुण ठरतो.

अशा नियमांचे व निवेदनांचे मराठी मसुदे आज शाळांत, संस्थांत आणि धर्मग्रामांत तयार होत आहेत, व त्यांपैकी काही आपल्याच विद्यार्थ्यांच्या हातून तयार होतील. त्यांनी तीन कसोट्या ध्यानात ठेवाव्यात. कर्मणी प्रयोगातील वाक्यात कर्ता कोण, हे वाचणाऱ्याला सांगता आले पाहिजे. घडलेल्या गोष्टीविषयी विचारले असता उत्तर भूतकाळातच आले पाहिजे. आणि ‘सहकार्य’, ‘कार्यवाही’, ‘योग्य ती दखल’ अशा शब्दांपुढे काय, किती व केव्हा, या प्रश्नांची उत्तरे लिहिलेली असली पाहिजेत. दारावर आलेल्या तक्रारदाराला आत कोण आहे, हे कळण्याचा हक्क आहे. तो हक्क व्याकरणाच्या आडोशाने नाकारला जात असेल, तर ते दाखवून देणे हे व्याकरण शिकविणाऱ्यांचे काम आहे.